‘चांद’ या नांवाची कुळकथा

मागील वर्षीं रमजान ईदच्या सुटीला जोडून चार दिवस मी मुरगुडास आमच्या घरीं राहिलों होतों. वेदगंगेच्या कांठचें हें आमचें गांव. शहर म्हणावें इतकें मोठें नव्हे आणि खेडें म्हणावें इतकें लहानही नव्हे. एके दिवशीं संध्याकाळीं माझा एक शाळासोबती दारीं येऊन उभा राहिला. आम्हीं दोघांनीं एकाच पाटीवर बाराखडी गिरविली आहे. चारचौघांत तो मला ‘सर’ म्हणतो. परंतु ओसरीवर बसला कीं जुन्या ‘अरे-तुरे’वर येतो. त्या दिवशीं पाण्याचा तांब्या हातांत घेण्यापूर्वींच तो म्हणाला, “तूं पुस्तकांतला माणूस. मला एवढें सांग. ‘चांद’ हें नांव आमचें कीं तुमचें?”

प्रश्नाचें कारण त्यानें मागाहून सांगितलें. त्याच्या मुलाला कन्यारत्न झालें होतें. सातव्या दिवशीं अकीका व्हावयाचा आणि नांव ठेवावयाचें. माझ्या सोबत्याच्या आईचें नांव चांदबी. ती माउली दोन वर्षांपूर्वीं निवर्तली. तिचें नांव नातवाच्या मुलीला द्यावें अशी त्याची मनापासून इच्छा. परंतु मुलगा पुण्यास नोकरीला, शिकलेला, चार ठिकाणीं ऐकलेला. त्याचें म्हणणें असें कीं, ‘चांद’ हा हिंदूंच्या भाषेंतला शब्द आहे. मुसलमानाच्या मुलीला अरबी नांव असावें. चंद्रच पाहिजे असेल तर ‘कमर’ म्हणावें. अर्थ तोच आणि नांवही आपलें. बापलेकांत दोन दिवस याच गोष्टीवरून अबोला होता.

“अर्थ तोच आहे, हें मलाही कळतें,” माझा सोबती म्हणाला, “पण माझी आई सत्तर वर्षें चांदबी म्हणून जगली. तिनें कधीं रोजा सोडला नाहीं, नमाज चुकविला नाहीं. मग ती काय जन्मभर परक्याचें नांव वागवीत होती?”

त्या वेळीं मीं त्याला थोडक्यांत उत्तर दिलें. परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं. आपण मुलांना नांवें देतों तीं कोठून येतात, आणि एखादें नांव ‘आपलें’ किंवा ‘परकें’ कशावरून ठरतें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनही क्वचित् होतो. म्हणून त्या थोडक्यांतल्या उत्तराचा विस्तार येथें करीत आहे.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. संस्कृत ‘चन्द्र’ हा शब्द चमकणें, प्रकाशणें या अर्थाच्या धातूपासून निघाला. प्राकृतांत त्याचें ‘चंद’ झालें. पुढें प्राकृतांतून आजच्या देशभाषा निघतांना जोडाक्षराचा जोर कमी झाला आणि त्याची भरपाई म्हणून मागील स्वर दीर्घ झाला. दन्ताचा दांत, पञ्चाचे पांच, कण्टकाचा कांटा, तसाच चन्द्राचा चांद. हा नियम मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांनीं पाळला. पंजाबीनें स्वर ऱ्हस्वच ठेवला, म्हणून तिकडे दंद, पंज आणि चन्न असे शब्द ऐकूं येतात. म्हणजे ‘चांद’ हा मराठींत हिंदींतून आलेला पाहुणा नव्हे. दोन्ही घरीं तो एकाच आजोळाहून स्वतंत्रपणें आलेला आहे. चांदणें, चांदणी, चांदवा आणि मुलांचा चांदोबा हीं सर्व त्याच कुळांतलीं. गंमत एवढीच कीं, हिंदींत ‘चांदनी’ म्हणजे चंद्रप्रकाश, तर मराठी माणसानें तेंच नांव तारकेला देऊन टाकलें. लिहितां-बोलतांना आपण पुढें ‘चंद्र’ या तत्सम शब्दाकडे वळलों, आणि ‘चांद’ हा ओव्यांत व अंगाईगीतांत उरला. मुसलमान कुटुंबांनीं मात्र तो नांवांत जपून ठेवला.

आतां दुसरी बाजू. अरबी भाषेंत चंद्राला त्याच्या अवस्थेप्रमाणें निरनिराळीं नांवें आहेत. पहिली कोर तो ‘हिलाल’, पुनवेचा पूर्ण चंद्र तो ‘बद्र’, आणि सामान्यपणें चंद्र तो ‘कमर’. कुराणाच्या चौपन्नाव्या अध्यायाचें नांवच ‘अल्-कमर’ असें आहे. यांपासून कमरुद्दीन, कमरुन्निसा, बद्रुद्दीन अशीं नांवें झालीं. १८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, यांच्या नांवाचा अर्थ ‘धर्माचा पूर्णचंद्र’ असा होतो. आपल्याकडील रामचंद्र किंवा कृष्णचंद्र यांच्या फारच जवळ तें नांव जातें. फारशींत चंद्राला ‘माह’ म्हणतात. त्यावरून चंद्रासारख्या कपाळाची ती महजबीन, आणि चंद्राचा प्रकाश ती माहनूर. हा ‘माह’ परका वाटण्याचें आपणांस कांहींच कारण नाहीं. संस्कृतांतील ‘मास’ हा शब्द आणि फारशींतील ‘माह’ हे सख्खे भाऊ आहेत. दोहोंचा अर्थ मुळांत चंद्रही होता आणि महिनाही. दर महिन्याला पगार घेणारा प्रत्येक मराठी कारकून ‘दरमहा’ म्हणतांना आणि सरकारी कागदावर ‘माहे जून’ लिहितांना याच फारशी चंद्राचें नांव घेत असतो.

निसर्गावरून घेतलेलीं मुसलमानी नांवें जर एकत्र मांडलीं, तर आपल्याच अंगणांतून वर पाहिल्याचा भास होतो. ‘सुरैया’ हें अरबी आणि ‘परवीन’ हें फारशी नांव; दोन्ही एकाच तारकापुंजाचीं, आणि तो पुंज म्हणजे आपल्या कृत्तिका. ‘सुहेल’ म्हणजे दक्षिण आकाशांतला तेजस्वी अगस्ति. ‘शबनम’ म्हणजे दंव; त्यांतील ‘शब’ म्हणजे रात्र, आणि संस्कृत ‘क्षपा’ हिची ती बहीण. ‘रेहाना’ हें नांव ज्या सुवासिक वनस्पतीवरून आलें, ती सब्ज्याच्या जातीची, म्हणजे आमच्या दारांतल्या तुळशीची जवळची नातलग. ‘नसीम’ म्हणजे मंद वारा, ‘यास्मीन’ म्हणजे जाईच्या जातीचें फूल. वेदगंगेच्या कांठीं एका गल्लींत कृत्तिका आणि दुसऱ्या गल्लींत परवीन खेळत असली, तर दोघींच्या आयांनीं नकळत एकाच नक्षत्राकडे पाहिलेलें असतें.

चंद्राशीं या दोन्ही समाजांचें नातें केवळ नांवापुरतें नाहीं. हिजरी वर्ष पूर्णपणें चांद्र. तें ३५४ किंवा ३५५ दिवसांचें असतें, आणि त्यांत अधिक मास धरण्याची मनाई आहे. म्हणून रमजान दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे येतो आणि सर्व ऋतूंतून फिरतो. आपलें पंचांगही महिन्यांपुरतें चांद्रच. परंतु आपण मधून मधून अधिक मास धरून त्याला सूर्याच्या गतीशीं जुळवून घेतों. एकाच्या घरीं ईदची कोर दिसण्याची वाट पाहतात, दुसऱ्याच्या घरीं संकष्टीला चंद्रोदयाची. मराठी दफ्तरांतील जुनीं पत्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना तारखेमागें लिहिलेलें ‘छ’ हें अक्षर आठवत असेल. त्याच्या पुढें आंकडा आणि रजब, साबान, जिल्काद असें मुसलमानी महिन्याचें नांव असतें. हा ‘छ’ म्हणजे चंद्र या शब्दाचा संक्षेप. पेशव्यांचा ब्राह्मण कारकून अरबी महिन्याची तिथि लिहितांना तिच्या आधीं संस्कृत चंद्राची खूण करी, आणि वर्षासाठीं जो सुहूर सन वापरी त्याचे आंकडे अरबी शब्दांत असून वर्षाचा आरंभ मात्र शेतकऱ्याच्या मृग नक्षत्राला होई. त्या कागदांत कोणता शब्द कोणाचा, याची वाटणी कोणी करूं म्हणेल तर कागदच फाटेल.

मग ‘चांद’ हें नांव मुसलमान घरांत आलें केव्हां आणि कसें? १३२७ सालीं महंमद तघलखानें देवगिरीला दौलताबाद हें नांव देऊन तेथें राजधानी आणली. दिल्लीकडील शिपाई, कारागीर, सूफी आणि विद्वान् यांचीं कुटुंबें दक्षिणेंत आलीं, आणि त्यांच्याबरोबर दिल्लीच्या परिसरांतली बोलीही आली. १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें. उत्तरेशीं संबंध तुटला आणि ती बोली येथेंच वाढली. मराठी, कानडी आणि तेलुगु यांच्या शेजारांत तिला जें रूप आलें, तीच दखनी. आमच्या कोल्हापूर भागांतील मुसलमान घरांतून अजूनही ती बोलली जाते. त्या बोलींत चंद्राला ‘चांद’ हाच शब्द होता. आणि येथें येऊन पाहावें तों मराठी बायाही मुलाला ‘चांदोबा’च दाखवीत होत्या. दोन वाटांनीं गेलेला एक शब्द दक्षिणेंत येऊन स्वतःलाच भेटला. अशा शब्दाचें नांव व्हावें यांत नवल तें काय?

हें नांव केवळ गोरगरिबांच्या झोंपडींतलें होतें असेंही नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यास, १५५० च्या सुमारास, अहमदनगरच्या निजामशाही राजवाड्यांत एक कन्या जन्मली. पिता हुसेन निजामशहा. त्या दरबाराची भाषा फारशी. इराणांतून आलेले विद्वान् तेथें मानानें वावरत. मुलीचें नांव माहबानू किंवा बद्रुन्निसा ठेवावयास कोणाची आडकाठी होती? परंतु नांव ठेवलें तें चांद. हीच इतिहासप्रसिद्ध चांदबिबी. फारशींत इतिहास लिहिणाऱ्यांनींही तिचें नांव भाषांतरून घेतलें नाहीं. त्या परकी लिपींत त्यांनीं ‘चांद’ असेंच लिहिलें. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण होता असें फिरिस्त्यानें नमूद केलें आहे. आणि गोदावरीकांठचें पाथरी हें आपल्या पूर्वजांचें गांव म्हणून तें ताब्यांत घेण्यासाठीं निजामशाहीनें वऱ्हाडच्या इमादशाहीशीं युद्ध केलें. चांदबिबीचा तो खापरपणजा. रक्तानें, भूमीनें आणि भाषेनें हें नांव येथलेंच होतें, आणि तें धारण करणारी स्त्री धर्मानें निःसंशय मुसलमान होती.

तिचें चरित्र वाचकांस ठाऊक आहेच. नांवाच्या संदर्भांत लागेल तेवढेंच येथें सांगतों. तालिकोटच्या लढाईपूर्वीं दक्षिणी सुलतानांची जी जूट झाली, तिच्या बळकटीसाठीं तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशीं झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यांत आला. १५८० सालीं अलीचा खून झाला. त्याचा पुतण्या इब्राहीम हा त्या वेळीं नऊ वर्षांचा. त्याचा सांभाळ आणि राज्याचा कारभार चांदबिबीकडे आला. किश्वरखान या सरदारानें सत्ता बळकावून तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत टाकलें. पुढें तिची सुटका झाली. ज्या इब्राहीमला तिनें वाढविलें, तो ‘जगद्गुरु’ म्हणवून घेणारा संगीतप्रेमी सुलतान झाला. ‘किताबे नौरस’ हा आपला गीतसंग्रह त्यानें दखनींत रचला आणि त्यांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन केलें. त्याच्या तंबोऱ्याचें नांव मोतीखान आणि राणीचें नांव चांद सुलतान. तेव्हां एका पिढींतच दोन राजघराण्यांत हें नांव आढळतें.

माहेरीं परतल्यावर १५९५ सालच्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोंगल फौजेनें नगरच्या किल्ल्याला वेढा दिला. सुरुंगानें तट फुटला, तेव्हां ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हां उभारून घेतला. १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तिनें तह केला व राजधानी वांचविली. चार वर्षांनीं मोंगल पुन्हां आले. टिकाव लागणार नाहीं हें ओळखून ती बोलणें लावूं लागली, तोंच फितुरीच्या संशयानें तिच्याच लोकांनीं तिला ठार मारलें. थोड्याच दिवसांत, १६०० सालीं, किल्ला पडला. २०२४ सालीं अहिल्यानगर असें नामांतर झालेल्या त्या शहराजवळ एका डोंगरावर अष्टकोनी इमारत उभी आहे. ती वास्तविक सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर. परंतु लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीनें ही चूक आहे. मात्र ज्या नांवावर लोकांचा जीव जडतो, त्याला ते दुसऱ्याची इमारतही बहाल करतात, एवढें त्यावरून कळतें.

राजवाड्याबाहेरही हें नांव सर्वत्र दिसतें. दौलताबादेस चांद बोधले नांवाचे सत्पुरुष होऊन गेले. श्रीगोंदें येथील संत शेख महंमद यांनीं ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ सालीं मराठींत ओंवीबद्ध केला, आणि त्यांत चांद बोधले यांना आपले सद्गुरु म्हणून वंदन केलें. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी यांनाही चांद बोधल्यांचाच अनुग्रह होता अशी परंपरा आहे. ‘चांद’ आणि ‘बोधले’ या दोन शब्दांत मुसलमान कोठें संपतो आणि हिंदू कोठें सुरू होतो, हें ज्याला सांगतां येईल त्यानें सांगावें. पुढें शिर्डीच्या साईबाबांच्या कथेंत धूपखेड्याचा चांद पाटील भेटतो. त्याची हरवलेली घोडी सांपडली ती बाबांच्या सांगण्यावरून, आणि त्याच्याच वऱ्हाडाबरोबर बाबा शिर्डीस आले, असें ‘साईसच्चरित’ सांगतें. नांव चांद, धर्म इस्लाम आणि गांवकी पाटिलकीची. महाराष्ट्रांतला मुसलमान कसा घडला याचें याहून नेमकें उदाहरण मिळणें कठीण.

येथपर्यंत ऐकून माझा सोबती म्हणाला, “म्हणजे तुमचा शब्द आम्हीं घेतला.” मीं म्हटलें, “थांब. तुमचेही शब्द आम्हीं घेतले आहेत.”

गुलाब हें नांव घ्या. फारशींत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे फुलाचें सुगंधी पाणी. मराठींत येतां येतां पाण्याचें नांव फुलाला लागलें, आणि मग त्या पाण्यासाठीं ‘गुलाबपाणी’ असा नवा शब्द करावा लागला, ज्यांत पाणी दोनदां आहे. हें फारशी नांव मराठी घरांत इतकें रुजलें कीं वऱ्हाडांतले प्रज्ञाचक्षु संत गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५, हे तेंच नांव घेऊन जगले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत आणि कृष्णभक्तींत मधुरा भक्तीचे उपासक होते. त्यांना कोणी नांव बदलावयास सांगितलें नाहीं, व त्यांनाही त्याची गरज वाटली नाहीं.

छत्रपतींच्या घराण्यांतही तेंच. मालोजीराजांनीं नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेवलीं, ही कथा मराठी मुलें शाळेंतच शिकतात. ज्या नगरांत एका मुसलमान राजकन्येला संस्कृत कुळांतलें नांव मिळालें, त्याच नगरच्या पिरावरून त्याच शतकांत एका मराठा सरदारानें आपल्या मुलांचीं नांवें घेतलीं. आणि त्यांतल्या थोरल्याचा पुत्र पुढें शिवछत्रपति झाला.

एवढ्या लांब तरी कशाला जावें? आमच्या मुरगुडच्या तलावाचें नांव सर पिराजीराव तलाव. हे पिराजीराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यांतले. राजर्षि शाहू महाराजही दत्तक जाण्यापूर्वीं याच घराण्यांतले. कागलांत गैबी पिराचें ठाणें आहे आणि त्याच्या उरुसाला सगळा तालुका लोटतो. पिराच्या नांवावरून ‘पिराजी’. आणि आमच्या सीमाभागांतील जैन व लिंगायत पाटलांच्या घरीं ‘पिरगोंडा’. मोहरमांत पीर बसतात तेव्हां सवारी पाहावयास सारा गांव रस्त्यावर येतो, नवस बोलणाऱ्यांत सर्व जातींचीं माणसें असतात, आणि त्या नवसांतूनच हीं नांवें निपजलीं. “ज्या तलावाकांठीं आपण फिरावयास जातों,” मीं त्याला म्हटलें, “त्याच्या नांवांत तुमचा पीर आहे. तुझ्या आईच्या नांवांत आमचा चंद्र असेल, तर हिशेब चुकता झाला.”

परंतु त्याच्या मुलाचा आक्षेप भाषेचा कमी आणि धर्माचा अधिक होता. त्यालाही न्याय दिला पाहिजे. इस्लामपूर्व अरबस्तानांत ‘अब्द शम्स’, म्हणजे सूर्याचा दास, अशीं नांवें असत. सूर्यचंद्र हे निर्मात्याच्या खुणा आहेत, त्यांना नमन करूं नये, अशी कुराणाची स्पष्ट आज्ञा असल्यानें तसलीं नांवें टाकून देण्यांत आलीं. मात्र ‘शम्स’ आणि ‘कमर’ हे शब्द टाकले गेले नाहींत; दास्य गेलें, सौंदर्य राहिलें. ज्यांचा अर्थ वाईट अशीं नांवें पैगंबरांनीं बदललीं. अवज्ञा करणारी या अर्थाच्या नांवाच्या एका स्त्रीला त्यांनीं ‘जमीला’, म्हणजे सुंदर, हें नांव दिलें. कसोटी होती ती अर्थाची. म्हणून जगभरचे मुसलमान आपापल्या भाषांतून चंद्राचें नांव घेत आले. तुर्कस्तानांत ‘आय’ म्हणजे चंद्र; तेथें ‘आयनूर’ नांवाच्या मुली असतात, आणि त्या नांवांतला अर्धा भाग तुर्की तर अर्धा अरबी आहे. इंडोनेशियांत चंद्रावरून ‘चंद्र’ आणि पौर्णिमेवरून ‘पूर्नामा’ हीं संस्कृतोद्भव नांवें मुसलमान कुटुंबांतही चालतात. ‘कमर’ जितकें धर्माला धरून आहे, तितकेंच ‘चांद’ही आहे, कारण दोन्ही नांवांत चंद्राची पूजा नाहीं, त्याच्यासारखें शीतल व प्रसन्न होण्याचा आशीर्वाद आहे.

तरीही त्या मुलाला दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. कारण तो जें करीत होता, तेंच आपणही करीत आहों. आपल्या घरच्या जुन्या नांवांची यादी आठवून पाहावी. दगडू, धोंडी, पिराजी, फकीरा, गुलाब, दर्याबाई हीं नांवें आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीबरोबर गेलीं. शिकलेल्या घरांतून शुद्ध संस्कृत नांवें आलीं. तीं कानाला गोड आहेत, परंतु त्यांत मागील माणसांच्या नवसाची, गांवाची, शेजाराची खूण उरली नाहीं. एक घर संस्कृताकडे वळतें, दुसरें अरबीकडे; आणि मधलें अंगण, जेथें चांद आणि गुलाब हे दोघेही वाढले, तें ओस पडत जातें. ज्या महाविद्यालयांत मी शिकवीत होतों, तेथें एकदां एक विद्यार्थी नांव बदलण्याच्या अर्जावर माझी शिफारस घेण्यास आला. नांव गुलाब. वर्गांतलीं मुलें चिडवितात, हें मुसलमानी नांव आहे म्हणतात, एवढेंच त्याचें म्हणणें. मीं त्याला गुलाबराव महाराजांची गोष्ट सांगितली. त्यानें ती आदरानें ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, हें तुम्हांला ठाऊक आहे, चिडविणाऱ्यांना नाहीं.” मीं सही केली. इतिहासाचें ज्ञान माणसाला धीर देतें हें खरें. परंतु तें एकट्या त्याच्याजवळ असून भागत नाहीं, शेजाऱ्याजवळही असावें लागतें.

सातव्या दिवशीं मला बोलावणें आलें. मी गेलों. मुलाचे वडील अगत्यानें सामोरे आले, मुलानें पाय धुवावयास पाणी दिलें, आणि थोड्या वेळानें जवळ बसून म्हणाला, “सर, अब्बांनीं तुमचें सगळें सांगितलें. मला पटतें. पण उद्यां शाळेंत हिला कोणी विचारलें कीं तूं धड इकडची कीं तिकडची, तर हिनें काय सांगावें?” तोच गुलाबचा प्रश्न, दुसऱ्या दारानें आलेला. मीं म्हटलें, “माझ्या पणजीचें नांव आहे, एवढें सांगितलें तरी पुरे.” तो हंसला, पण त्याचें पूर्ण समाधान झालें नाहीं, हें मला दिसलें. नांव कोणतें ठेवावें हें सांगण्याचा अधिकार माझा नव्हे, तें आईबापांचें काम. तें नांव परकें नाहीं, एवढीच साक्ष मला देतां येण्यासारखी होती, आणि ती मीं दिली.

मौलवींनीं दुवा मागितली. नगरपालिकेच्या दाखल्यासाठीं मुलानें कागदावर नांव लिहिलें, तें ‘कमर’. माझा सोबती कांहीं बोलला नाहीं. जेवणें झालीं, पाहुणे पांगले, आणि दिवेलागणीला पाळण्यांतली पोर रडूं लागली. आई आंत कामांत होती. पोरीचा बापच उठला, त्यानें तिला खांद्यावर घेतलें आणि अंगणांत फेऱ्या घालूं लागला. तो तिला गप्प करतांना कांहींतरी पुटपुटत होता. मी चपला घालीत होतों, म्हणून शब्द स्पष्ट ऐकूं आले. तो तिला ‘चांद’ म्हणत होता.